आधी बोलायचं, मग बघायचं

नेमबाजी शिकवतो म्हटलं की समोरचा माणूस हमखास एक डोळा मिटतो, बोटाची बंदूक करतो आणि तोंडाने 'ठो' म्हणतो. लग्नात, बँकेत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. पूर्वी मी समजावत बसायचो की अहो, डोळा मिटायचा नसतो, दोन्ही उघडे ठेवायचे, एक मिटला की निम्मा चेहरा ताणला जातो. आणि 'ठो'ही होत नाही. हवेच्या रायफलीचा आवाज टाळी वाजवल्याएवढा. पण ऐकतंय कोण. हल्ली मी नुसता हसतो आणि पीटीचा मास्तर होतो म्हणून सांगतो. तेही खरंच आहे.

मी भोईर. बदलापूर गावातला. उल्हासनगरात एका मराठी शाळेत पीटी शिकवायचो आणि शाळा सुटली की कॅम्प चारमधल्या एका गाळ्यात नेमबाजीची रेंज चालवायचो. शाळेतून निवृत्त झालो तरी रेंज चालूच होती. ती बंद पडून फार दिवस झालेले नाहीत. संपादकांनी फोनवर सांगितलं, "सर, दिवाळीचा अंक आहे, जरा प्रेरणादायी येऊ द्या." मी हो म्हटलं, कारण फोनवर नाही म्हणायला मला जमत नाही. लिहायला बसलो तर प्रेरणा काही येईना. जे येतंय ते देतो. प्रेरणा पुढच्या पानावर कुणीतरी दिली असेलच.

गाळा पूर्वी जीन्स शिवायचा होता. लांबुळका, बिनखिडक्यांचा, त्यामुळे आम्हाला सोयीचा. आमच्या खेळाला दहा मीटर सरळ जागा लागते आणि वारा चालत नाही. मालक लछूशेठ, सिंधी माणूस, बोलायला गोड आणि चौकस. फरशीच्या फटींत आम्हाला कितीतरी वर्षं निळे धागे सापडायचे. शेजारच्या गाळ्यात शिलाईची मशीनं चालूच होती, आणि त्यांची घरघर भिंतीतून यायची. नवीन पोरं तक्रार करायची. मी म्हणायचो, देवाने फुकट दिलीय ती घरघर, स्पर्धेत लोक खोकतात, खुर्च्या सरकवतात, तेव्हा उपयोगी पडेल.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दहा मीटरवर एक कागद लावलेला असतो. त्यावर काळं वर्तुळ, चहाच्या कपाच्या बुडापेक्षाही लहान. त्या काळ्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका, पेन टेकवल्यावर उमटतो तेवढा. तो दहा. त्याच्या बाहेरचं वर्तुळ नऊ, त्याच्या बाहेरचं आठ. उभं राहायचं, जड रायफल उचलायची, श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि ट्रिगर असा दाबायचा की आपण दाबला हे आपल्यालाही कळू नये. एका सामन्यात असे साठ शॉट, तेही वेळेत. मोठ्या स्पर्धेत साठपैकी चारदोन जरी नऊ गेले, तरी पदक गेलं म्हणून समजा. हा नऊ म्हणजे आमच्या धंद्यातली खरी साडेसाती.

आता सराव म्हणजे काय? बहुतेक आईबापांना वाटतं, रोज साठ शॉट मारायचे, बेरीज करायची, कालच्यापेक्षा आज दोन जास्त झाले की घरी पेढे. मी तसं करू द्यायचो नाही. रोज तेच केलं की पोराला तो गाळा येतो, नेमबाजी येत नाही. त्याच भिंतीसमोर, त्याच दिव्याखाली, त्याच वेळी दहा बसतात, आणि पुण्याला स्पर्धेला नेलं की पार फजिती. म्हणून मी रोज काहीतरी बदलायचो. एक दिवस बिनछर्ऱ्याची रायफल, नुसता ट्रिगर. एक दिवस कोरा कागद, ठिपका नाही, वर्तुळ नाही, सगळे छर्रे एकमेकांच्या जवळ पडतात का एवढंच बघायचं. कधी डोळे मिटून रायफल उचलायची, मग उघडून बघायचं की नळी कुठे गेलीय. नळी शेजारच्या कागदावर गेली असेल तर हात वळवून आणायची नाही, पाय हलवायचे. नेम पायात असतो, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की बायको घरात टोमणा मारते, मीठ पण पायातच असतं का. कधी गाळ्याच्या जिन्यावरून धावत दोन फेऱ्या आणि लगेच शॉट, छाती धडधडत असताना. कधी पंखा बंद, कधी रेडिओ मोठ्याने.

लछूशेठ दारात उभा राहून बघायचा. "मास्तर, तुमचे पोरं लोक रोज वेगळा खेळ करते. एक पक्का करा ना साईं. आम्ही पण धंद्यात एकच लाइन पकडतो." मी म्हणायचो, शेठ, तुमच्या पँटी पण दर वर्षी वेगळ्या फाटक्या असतात. तो खो खो हसायचा.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका पुढाऱ्याचा मुलगा आला, त्याला शिकायचं नव्हतं, जॅकेट घालून रायफलीसकट फोटो हवा होता, बॅनरवर लावायला. मी म्हटलं फोटो काढ, पण रायफल उलटी धरलीयस. तशीच लागली बॅनरवर, विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर पंधरवडाभर. एक बाई यायच्या, बँकेत होत्या, डॉक्टरने बीपीसाठी काहीतरी छंद करा म्हणून सांगितलं होतं. त्या प्रत्येक शॉटच्या आधी मॅनेजरचं नाव घ्यायच्या आणि झकास दहा मारायच्या. एक बाप पोराच्या मागे उभा राहून मोबाइलवर सरासरी काढायचा. त्याला मी बाहेर चहाला पिटाळायचो, आणि पोराचे पुढचे चार शॉट सुधारायचे.

आमच्या रेंजचा एकच नियम होता, जो मी कधी बदलला नाही. आधी बोलायचं, मग बघायचं. म्हणजे असं की शॉट सुटला की कागद जवळ ओढायच्या आत, दुर्बिणीत डोळा घालायच्या आत, मोठ्याने सांगायचं की शॉट कुठे गेला. घड्याळाच्या भाषेत. "नऊ, दोन वाजता." म्हणजे नऊच्या वर्तुळात, वर उजवीकडे. मग कागद बघायचा. तुम्ही बोललात तसा निघाला तर शाबासकी, मग तो आठ का असेना. दहा म्हणालात आणि दहाच निघाला तर ठीक. दहा म्हणालात आणि आठ निघाला, म्हणजे ट्रिगर दाबताना तुम्ही तिथे नव्हतात. पोरं लबाडी करायची, चोरून बघायची, किंवा सगळ्यालाच "नऊ, तीन वाजता" ठोकून द्यायची. मला ते आवाजावरून कळायचं. आमचा गाळा त्यामुळे सतत बोलता असायचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं आत घड्याळजी बसलेत.

रोहिणी साळवे या बाबतीत कधी खोटं बोलली नाही. सगळी गंमत आणि सगळं दुःख तिथेच आहे.

तिला तिचे वडील घेऊन आले होते. साळवेदादा अंबरनाथचे, आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. कंत्राटदार बदलला की सगळ्यांना नव्याने कामावर घ्यायचं, नाहीतर नाही घ्यायचं, असं त्यांचं आयुष्य चाललेलं. कॉलेजच्या एनसीसीत तिने पहिल्यांदा रायफल धरली होती. मला म्हणाले, "सर, हिचा हात हलत नाही बघा. आमच्या चाळीतल्या सगळ्या बाया सुईत दोरा ओवायला हिच्याकडे येतात." मग म्हणाले, "खेळाडूंना सरकारी नोकरीत जागा असतात ना?" मी म्हटलं असतात, पण राज्यात पहिल्या काहींत यावं लागतं. ते म्हणाले, "येईल ती. तिला एकदा कायमची नोकरी लागू द्या. माझ्यासारखं नको." त्या घराला दुसरं काही नको होतं. तेवढंच हवं होतं, आणि ते सगळं त्या पोरीच्या उजव्या हाताच्या एका बोटावर येऊन बसलं.

तिचा हात खरंच हलत नव्हता. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती बोलायची ते तंतोतंत निघायचं. "दहा, पण खालच्या बाजूला." कागद ओढला की तसाच. "आठ, सर. नऊ वाजता. मी श्वास आधीच सोडला." तसाच. इतर पोरं आपला सराव थांबवून तिचं ऐकायची. मला तर अक्षरशः भूषण वाटायचं, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत एक तरी पोर असं मिळालं की जिला आपल्या शॉटचं पूर्ण खरं कळतं. पुढे ती राज्य स्पर्धेला गेली, दुसऱ्या वर्षी पहिल्या काहींच्या अगदी दारात जाऊन आली. साळवेदादांनी रेंजवर सगळ्यांना जिलबी वाटली, पदक नव्हतं तरी.

तोवर सगळीकडे इलेक्ट्रॉनिक टार्गेट आलं होतं. शॉट सुटला की शेजारच्या स्क्रीनवर तत्क्षणी आकडा, तोही दशांशात. दहा पॉइंट तीन. नऊ पॉइंट आठ. पालकांच्या आग्रहाने आम्हीही दोन मशीनं बसवली. बोलायला वेळच राहिला नाही. तोंड उघडेपर्यंत आकडा समोर. पोरं खूश झाली. रोहिणीने मात्र बोलणं सोडलं नाही. आकड्याच्या आधी बोलता यावं म्हणून ती लवकर बोलू लागली. शॉट सुटता सुटता. मग सुटायच्या किंचित आधी.

ते माझ्या लक्षात आलं नाही, असं नव्हे. लक्षात आलं आणि आवडलं.

आमच्यात एक चांगली सवय मानतात. रायफल उचलली, नेम धरला, पण आत कुठेतरी बरं वाटत नाहीये, तर दाबू नये. खाली उतरवावी, श्वास घ्यावा, परत उचलावी. नवशिक्यांना हे जमत नाही, ते उचललीय म्हणून दाबतात. रोहिणी उतरवायची. मी इतरांना दाखवायचो, बघा रे, तिच्याकडून शिका. पुढे ती जास्त वेळा उतरवू लागली. मग एका दुपारी मी बघत उभा होतो आणि ती उचलत होती, उतरवत होती, उचलत होती, उतरवत होती, आणि छर्रा काही सुटत नव्हता. कपाळावरून घाम गालावर आला. शेजारच्या गाळ्यातली मशीनं तेवढी ऐकू येत होती.

"काय झालं ग?"

"नऊ जाणार होता सर."

"सोडलाच नाहीस, जाणार कसा?"

"दिसतो ना. जायच्या आधीच दिसतो."

या दुखण्याला इंग्रजीत नाव आहे, आमच्याकडे नुसतं 'अडकली' म्हणतात. बोट गोठतं. चांगला तयार झालेला नेमबाज घाबरून अडकतो, हे मी पाहिलं होतं. ही घाबरली नव्हती. ही आधी बोलत होती. आमच्या गाळ्याचा नियम तिने इतका मनापासून पाळला की तो शॉटच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. आणि ती खोटं बोलत नसे, त्यामुळे तिला 'तुला उगाच वाटतंय' असं म्हणायची सोय नव्हती. बहुतेक वेळा तो नऊच गेला असता.

मग मी बदलत सुटलो. माझ्याजवळ तेवढंच होतं.

पहिला, कोरा कागद. कोऱ्या कागदावर नऊ नसतो. पोरगी सुटली. धाडधाड शॉट, एकाच भोकात गुंफलेले. त्या दिवशी मी घरी जाताना बदलापूर स्टेशनबाहेर बायकोला आवडतात म्हणून ताडगोळे घेतले. चार-पाच दिवसांनी कोऱ्या कागदावर ती पुन्हा थांबली. "सर, मला त्याच्यावर ठिपका दिसायला लागलाय."

मग मी मोजायला लागलो. ती उचलेल, मी तीन म्हणेन, तीनला दाबायचं, तिला ठरवायचंच नाही. चाललं. मग चालेना, कारण दोननंतर तिला कळायचं की तीनला काय होणार आहे. मग मी तिच्या नकळत रायफल भरायचो, कधी छर्रा घालून, कधी रिकामी. तिला ठाऊक नाही की आत काय आहे. हे औषध रामबाण समजतात. आठवडाभर बरं चाललं. नंतर तिला झडप लावल्याच्या आवाजावरून ओळखू यायला लागलं. तिचे कान पण तसलेच.

आकड्याचा स्क्रीन झाकून पाहिला. तिला डावीकडच्या जागेवरून उजवीकडे उभं करून पाहिलं. एकदा मी दोऱ्याला लिमलेटच्या गोळ्या बांधून टांगल्या. लिमलेटची गोळी फुटते किंवा फुटत नाही, नऊबिऊ काही नाही. तिने पहिली फोडली आणि हसली. किती दिवसांनी हसली. बाकीची पोरं जमली, आम्हाला पण, आम्हाला पण. लछूशेठ आला, त्याने स्वतः एक बरणी आणून दिली. "मास्तर, ये वाला गेम पक्का रखो." दोन दिवस गाळ्यात जत्रा होती. तिसऱ्या दिवशी रोहिणीने रायफल खाली उतरवली आणि म्हणाली, "कडेला लागणार, सर. तुकडा उडेल फक्त." गोळीतही तिने नऊ शोधला होता.

ठाण्याला एका मानसतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाई चांगल्या होत्या. श्वासाकडे लक्ष दे म्हणाल्या, मन शांत ठेव. बाहेर आल्यावर रोहिणी मला म्हणाली, "सर, मी विहारात लहानपणापासून ध्यान करते. मन शांतच असतं. शांत असलं की अजून स्पष्ट दिसतं."

एक कबूल करतो, त्या दिवसांत मला तिची भीती वाटायला लागली होती. ती आली की मी गाळ्यात काहीतरी नवीन मांडून ठेवलेलं असायचं. ती बूट बांधता बांधता विचारायची, "आज काय, सर?" आणि मी सांगायचो. ती मान डोलवायची. आणि दर वेळी सुरुवातीला चालायचं. हेच वाईट. पहिल्या दिवशी जर काहीच चाललं नसतं तर आम्ही दोघं सुटलो असतो. पण नवीन असेतो चालायचं, म्हणून पुढचं नवीन शोधायचं.

नोकरीचं पत्रक निघालं. त्याला त्या वर्षीच्या राज्य स्पर्धेतला नंबर लागणार होता. साळवेदादांनी रजा टाकून पुण्याला आमच्याबरोबर यायचं ठरवलं. कंत्राटी माणसाची रजा म्हणजे काय असते ते अंबरनाथकरांना सांगायला नको. त्यांना मी दुखण्याविषयी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं होतं. पण त्यांच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं, कारण त्यांच्या जन्मात काम करणारा हात थांबतो तो मशीनमध्ये अडकला तर. नुसता कसा थांबेल?

स्पर्धेत प्रशिक्षकाला मागे उभं राहावं लागतं. बोलता येत नाही. मी साळवेदादांच्या शेजारी होतो. पहिले काही शॉट तिने असे मारले की शेजारच्या रांगेतले दोन प्रशिक्षक तिच्या स्क्रीनकडे वळून बघायला लागले. दहा, दहा, दहा. दादांनी माझा दंड धरला. मग तिने एकदा रायफल उतरवली. मग परत. ती उचलायची, गाल रायफलीला टेकायचा, आणि तिचे ओठ हलायचे. ती बोलत होती. आवाज नव्हता, पण मला वाचता येत होतं. नऊ. नऊ. नऊ. आणि खाली.

दादा कुजबुजले, "सर, विश्रांती घेतीय का?"

मी हो म्हटलं.

वेळ संपल्याची घोषणा झाली तेव्हा तिच्या डबीत छर्रे उरलेले होते, बरेच. तिने रायफल उघडून रिकामी असल्याचं पंचांना दाखवलं, नियमाप्रमाणे, अगदी व्यवस्थित. जॅकेटची बटणं काढली. रडली नाही. तिच्या शेजारच्या मुलीने साठही मारले होते, कितीतरी नऊ आणि आठ, आणि ती आईला मिठी मारत होती. रोहिणीने एकही नऊ मारला नव्हता. तिच्या स्क्रीनवर सगळे दहा होते, आणि पुढे रिकामं.

परतीच्या गाडीत, लोणावळ्याच्या पुढे, साळवेदादांनी विचारलं, "बंदुकीत काही बिघाड होता का सर?" किती आशेने विचारलं त्या माणसाने. मी काही म्हणायच्या आत रोहिणी खिडकीतून न वळता म्हणाली, "नाही पप्पा. बंदूक बरोबर होती." दादांनी मान हलवली आणि डब्यातली पोळी काढून तिच्या हातात दिली. तिने खाल्ली.

त्यानंतरही ती काही दिवस आली. माझ्यासाठी येत होती, हे मला कळत होतं. मी नवीन मांडायचो, ती करायची. मग लछूशेठ वारला आणि मुलांनी गाळा विकला. तिथे आता केस कापायचं मोठं दुकान झालंय. टार्गेटची मशीनं एका शाळेने नेली. दुसरी जागा शोधायला मी अंबरनाथ-बदलापूर पालथं घातलं, दहा मीटर सरळ आणि बिनवाऱ्याचं काही मिळेना, आणि मिळालं असतं तरी पोरं कुठे होती. मोबाइलवर नेम धरायला जॅकेट लागत नाही. इतकी वर्षं जे शिकवलं त्याचं काय झालं म्हणून कुणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही. एक उत्तम पोरगी माझ्या हाताखाली आली आणि मी तिला इतकं खरं बघायला शिकवलं की तिला बोट दाबता येईना. बाकीची चारचौघांसारखी नऊ-आठ मारून आपापल्या वाटेने गेली. ती सुखी आहेत.

गेल्या महिन्यात एके सकाळी घरी वाल सोलत बसलो होतो. बायको आणि मी, एकाच ताटात. मी सोललेले तुटत होते, तिचे अख्खे. ती म्हणाली, "कोणी तोडले ते कळायला नको म्हणून एकत्र टाकतेय, नाहीतर सूनबाई हसेल." आणि मला एकदम सुचलं. दोघांनी एकाच कागदावर मारायचं. रोहिणीने आणि मी, शेजारी उभं राहून. तिचे आणि माझे छर्रे एकाच ठिकाणी. कुठला नऊ कुणाचा ते कळणारच नाही. नऊ दिसला तरी तो माझा असेल. हा नऊ तिचाच, असं म्हणायची सोयच उरणार नाही. मी सगळे नऊ माझ्या नावावर घेईन. मला कुठे नोकरी हवीय? इतकी सोपी गोष्ट मला एवढी वर्षं कशी सुचली नाही, म्हणून मी ताट तसंच ठेवून उठलो. पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघणार आहेत, ते मी विचारून ठेवलं होतं. तिचं वय अजून बसतं. रायफली माझ्या घरी आहेत. आमच्या अंगणात भिंतीकडेने दहा मीटर निघतात, ताडपत्री लावली की वारा अडतो. मी टेपने मोजून पाहिलं.

रोहिणी आता आनंदनगरला औषधांच्या कंपनीत आहे. इंजेक्शनच्या बाटल्या दिव्यासमोर धरून आत कचरा आहे का बघायचं काम. शिफ्ट सुटायच्या वेळेला मी गेटवर जाऊन उभा राहिलो. ती बायकांच्या घोळक्यातून आली, मला बघून थांबली, मग हसत पाया पडली. आम्ही रस्त्याच्या कडेला टपरीवर बसलो. दादा बरे आहेत म्हणाली, कंत्राटदार पुन्हा बदललाय. काम कसं आहे विचारलं.

"चांगलं आहे, सर. दिसलं की बाजूला काढायचं. बाकी काही करायचं नसतं."

"डोळे दुखत नाहीत?"

"नाही. सुपरवायझर म्हणतात, तुझ्या टेबलावरून काही सुटत नाही."

चहा आला. मी मनात वाक्य जुळवत होतो. अंगणापासून सुरू करावं की वालापासून, ते ठरत नव्हतं. तिने बशी पुढे सरकवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, एक मागू? राग नाही ना येणार?"

"माग की."

"परत काही नवीन सुचलं तर मला सांगू नका." ती पुढे म्हणाली, "तुम्ही सांगितलं तर मी येईन. तुम्हाला नाही म्हणता येत नाही मला. आणि पहिले चार दिवस चालेल पण, सर. ते चार दिवस मला आता नको आहेत."

समोरून कंपनीची बस गेली, धूळ उडाली, तिने आपल्या कपावर हात धरला, मग माझ्याही. मी चहा संपवला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला काय दिसतं ते मला ठाऊक होतं.

"आज काही सांगायला आला होतात का?" तिने विचारलं.

"नाही ग," मी म्हटलं. "इकडे काम होतं. सहज आलो."